आसाम राहिला, पण कर्नाळा, किहीम आणि फणसाड पाहिले

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आसामला जाणार होतो. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिने वहीच्या मागच्या पानावर यादीच केली होती: काझीरंगाचा एकशिंगी गेंडा, चहाचे मळे, आदिवासींची गावे. मुलांच्या अब्बांनी रेल्वे, जीप, राहणे, खाणे असा हिशेब मांडला. एक शिक्षिका आणि तळोज्याच्या कारखान्यात नोकरी करणारा माणूस अशा दोन पगारांत तो कसाबसा बसत होता. पण जुलैच्या पावसात आमच्या पनवेलच्या घराचा स्लॅब गळू लागला आणि आसामचे पैसे गच्चीवर गेले. मुलगी दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. सहावीतला धाकटा तर वर जाऊन त्या नव्या कोब्याकडे रागाने पाहत उभा राहायचा.

सहलीच्या निमित्ताने मी मात्र बरेच वाचून ठेवले होते. काझीरंगात २०२२ च्या गणनेत २,६१३ गेंडे मोजले गेले. शिवसागरजवळ अजान फकीर यांचा दर्गा आहे. १७ व्या शतकातल्या या सूफी बुजुर्गांनी तिथली भाषा आपलीशी केली आणि आसामीत जिकीर रचले. ते आजही गायले जातात. मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून बरे वाटते. पण सर्वांत जास्त गुंतवले ते चहाच्या इतिहासाने. आसामात चहा इंग्रजांनी शोधला असे आपण मुलांना सांगतो. खरे तर १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या माणसाला ते झाड दाखवले सिंगफो आदिवासींनी, आणि ते लोक आधीपासूनच चहा पीत होते. १८३९ मध्ये आसाम कंपनी निघाली, मळे वाढले, आणि मजूर कमी पडू लागले. मग छोटा नागपूरच्या पठारावरून संथाळ, मुंडा, उराँव अशा जमातींची माणसे करार करून नेण्यात आली. करार मोडून मळा सोडणे हा कायद्याने गुन्हा होता. त्यांचीच नातवंडे-पणतवंडे आज तिथे पाने खुडतात. झारखंडात राहिलेले त्यांचे भाऊबंद अनुसूचित जमातीत आहेत. आसामातल्यांची तीच मागणी वर्षानुवर्षे चालली आहे.

रानातली माणसे, हातावर ठेवलेली उचल, दूरचे काम. हे वाचताना मला कुठेतरी ओळखीचे वाटत होते. कुठे, ते एका दुपारी हजेरीपट भरताना कळले.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. माझ्या आठवीच्या मराठीच्या वर्गात एक कातकरी मुलगी होती. जूनमध्ये ती हजर असते, दिवाळीपर्यंत नियमित येते, आणि नोव्हेंबरपासून तिच्या नावापुढचे रकाने रिकामे. घरचे वीटभट्टीवर जातात, तीही जाते. पाचवी, सहावी, सातवी, तिन्ही वर्षांचे हजेरीपट काढून पाहिले तर हेच. आणि मी तिला तीन वर्षे शिकवत होते! आसामातल्या मिसिंग लोकांची घरे बांबूच्या खांबांवर उभी असतात हे मला माहीत होते. माझ्या वर्गातल्या मुलीचे घर कशाचे आहे, हे माहीत नव्हते. तिची वाडी माझ्या घरापासून पुरती पंधरा किलोमीटरही नाही.

मुलांना म्हटले, अभयारण्य आपल्याकडेही आहे. "कर्नाळा?" धाकटा असा बोलला की जणू मी त्याला शाळेच्या मैदानावर न्यायचे म्हणत होते. पनवेलच्या प्रत्येक मुलाची पहिली सहल कर्नाळ्यालाच जाते. डबा, अंताक्षरी आणि परत. मी त्या मुलीकडून तिच्या बापाला निरोप पाठवला: आम्हांला रान दाखवाल का? दुसऱ्या दिवशी उत्तर आले, "बाई, पहाटे या."

दिराची जुनी सात सीटची गाडी मागून घेतली. मुले, मुलांचे अब्बा, मी आणि मुलांच्या दादी, म्हणजे माझ्या सासूबाई. दादींनी निघताना पानाचा डबा घेतला आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "जायचे तर जाऊ, पण त्यांच्याकडे पाणीसुद्धा घ्यायचे नाही. काय काय खातात ते लोक!" मी काही बोलले नाही. वाचकहो, हे लिहावे की नाही यावर मी बराच विचार केला. पण आपल्या घरांत हे बोलले जाते, आणि माझ्याही मनात ते कुठेतरी होतेच. नाहीतर तीन वर्षांत मी एकदा तरी त्या वाडीवर गेले असते.

फजरची नमाज आटोपून निघालो तेव्हा अंधार होता. मुंबई-गोवा महामार्गाने पनवेलपासून साधारण बारा किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्य. १९६८ साली ते जाहीर झाले, तेव्हा क्षेत्र होते अवघे साडेचार चौरस किलोमीटर. पुढे ते बारा चौरस किलोमीटरपर्यंत वाढवले. वर किल्ला आणि त्याचा तो अंगठ्यासारखा सुळका, जो एक्सप्रेस गाडीतूनही आपल्याला 'पनवेल आले' असे सांगतो. पायथ्याजवळच्या शिरढोणला वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार होते.

फाटकाशी मुलीचा बाप उभा होता, मुलगी त्याच्या मागे. मी सर्वांची तिकिटे काढली. तिकीट हातात घेऊन तो नुसता हसला. म्हणाला, "बाई, या रानात मी चालायला शिकलो. तिकिटानं आत जायची पहिलीच पाळी." आमच्या पिशव्यांतल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून आत सोडले. ही पद्धत मला आवडली. परत येताना धाकटा बाटल्या मोजत होता.

पहिल्या अर्ध्या तासात आम्हांला काहीच दिसले नाही. कारण आम्ही बोलत होतो. तो पुढे चालत होता आणि थांबला की हात मागे करायचा. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा आम्ही शहाणे झालो. समोरच्या फांदीवर काळा पक्षी, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला काळे झुपके. भृंगराज. "हा नकल्या हाय," तो कुजबुजला. "शिकऱ्याचा आवाज काढतो, बाकीची पाखरं घाबरून पळतात, मग त्यांनी टाकलेला किडा हाच खातो." मी नंतर पुस्तकात पाहिले, दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढण्यात भृंगराज खरोखर प्रसिद्ध आहे. थोड्या वेळाने पांढऱ्या फिती हवेत सोडल्यासारखे काहीतरी झाडांतून गेले. स्वर्गीय नर्तक, नर. माझ्या मुलीने तोंडावर हात ठेवला. तिची ती गेंड्याची यादी त्या क्षणी ती विसरली असावी, निदान पाच मिनिटे तरी.

मला स्वतःला भावले ते एक रिकामे बीळ. ओढ्याच्या काठी मातीचा उभा कडा, त्यात मनगटाएवढे भोक. तिबोटी खंड्याचे घर. चिमणीएवढा हा पक्षी, पण निळा, जांभळा, नारिंगी, पिवळा असा सगळा रंगाचा डबा अंगावर सांडलेला. पायाला तीनच बोटे म्हणून तिबोटी. तो पहिल्या पावसाबरोबर इथे येतो, ओढ्याच्या काठात चोचीने बोगदा कोरतो, पिलांना सरडे-पाली, खेकडे, बेडूक भरवतो आणि पाऊस संपता संपता निघून जातो. "आता घर रिकामं," मुलीचा बाप म्हणाला, "पावसात या." मग जरा थांबून, "आमचं उलटं. आम्ही पावसात घरी, बाकी वेळ बाहेर."

नऊ वाजता आम्ही वाडीवर पोहोचलो. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यावर मातीचा लेप, वर कौले किंवा निळे प्लॅस्टिक. तीन-चार घरे पक्की. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या आहेत त्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यासारख्या जमातींसाठी केंद्राची पीएम-जनमन योजना २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तीत घरकुले मिळतात. पण घरकुलाला पायाखालची जागा नावावर लागते, आणि रायगडात कितीतरी कातकरी वाड्या पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या जागेवर वसल्या आहेत. सातबाऱ्यावर नाव मालकाचे किंवा वनखात्याचे. पनवेलभोवती विमानतळ आला, जमिनीला सोन्याचा भाव आला. तेव्हा अशा जागेवर राहणाऱ्याला झोप कशी लागत असेल, ते आपण गच्ची गळली म्हणून हवालदिल होणाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

मुलीच्या आईने स्टीलच्या पेल्यांतून कोरा चहा आणला. दूध नाही, गूळ घातलेला. दादींनी माझ्याकडे पाहिले. मी पेला घेतला. मुलांनी घेतला. दादी तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी, बहुधा हातांना काहीतरी काम हवे म्हणून, पानाचा डबा उघडला. शेजारी मुलीची आजी बसली होती. तिची नजर डब्यातल्या कातावर गेली आणि तिने बोट दाखवले. "ह्यो आमचा," ती म्हणाली.

दादींना कळेना. मुलीच्या बापाने समजावले. खैराच्या झाडाचा लाल गाभा तासायचा, मडक्यांतून उकळायचा, आटवायचा, थापून सुकवायचा, तो कात. हे काम करणारे म्हणून नाव कातकरी. १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव झाली, हद्दी आखल्या गेल्या, खैर तोडणे हळूहळू गुन्ह्यात जमा झाले. डोंगरउतारावर राब जाळून नाचणी-वरी पेरायच्या, त्या दळी जमिनींवरही बंधने आली. नाव तेवढे राहिले. म्हातारी म्हणाली, तिच्या आजीने कात पाडला होता. तिने स्वतः तो कधी उकळताना पाहिला नाही, दुकानातलाच पाहिला.

दादी साठ वर्षे विडा खातात. त्यातला कात कोणी काढला असेल हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, आणि मलाही नाही. त्यांनी दोन पाने पुसली, चुना लावला, कात लावला, सुपारी घातली, एक विडा म्हातारीपुढे धरला. मग स्वतःचा तोंडात घालण्याआधी तो गार झालेला चहा उचलून दोन घोटांत संपवला. त्यावर कोणीही काही बोलले नाही. पुढचा तासभर त्या दोघी गुडघेदुखीवर बोलत होत्या.

मी तेवढ्या वेळात माझ्या कामाचे विचारले. भट्टीवर कधी जाणार? दिवाळी झाली की. उचल घेतली आहे का? गणपतीतच घेतली, आजारपण होते. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा उचल मिळते; मग ती फेडायला दिवाळीपासून पावसापर्यंत सगळे घर मातीत. पोरगी इथे आजीजवळ राहिली तर? बापाने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "बाई, धाकटं पोर एका वर्षाचं हाय. मी विटा पाडायला बसले की त्याला कोण बघंल?" मी हंगामी वसतिगृहाचे सांगितले, आश्रमशाळेचे सांगितले. ती ऐकत राहिली. माझ्या सगळ्या योजनांना त्या एका वर्षाच्या पोरापुढे उत्तर नव्हते.

तिथून निघताना बाप आणि लेक दोघे आमच्याबरोबर गाडीत बसले. वाटेत तारा गावी युसूफ मेहेरअली सेंटर लागते. मुलांना हे नाव माहीत असायला हवे म्हणून थांबलो. १९४२ मध्ये मुंबईचे महापौर झालेले मेहेरअली. 'भारत छोडो' ही घोषणा त्यांनीच सुचवली असे मानले जाते, आणि 'सायमन गो बॅक' चेही श्रेय त्यांना देतात. १९५० साली, पन्नाशीही न गाठता ते गेले. त्यांच्या नावाने १९६१ मध्ये मित्रांनी काढलेली ही संस्था इथे दवाखाना, तेलघाणी, साबण असे उद्योग चालवते. साबण घेतले, पुढे निघालो.

चिरनेर उरण तालुक्यात आहे. गाव लहान, पण १९३० च्या २५ सप्टेंबरला इथे अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. ज्या रानातून सरपण आणायचे त्याच रानात पाय ठेवायला बंदी, म्हणून आगरी, कोळी, कातकरी असे आसपासचे गावकरी कोयते घेऊन वर गेले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही मारले गेले. दर वर्षी त्या तारखेला तिथे पोलिस बंदुकीच्या फैरी झाडून सलामी देतात. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांनाच. हुतात्मा स्मारकाशी आमच्या मुलीने आपल्या नव्या मैत्रिणीला म्हटले, तू वाच. ती शाळेत वाचते तशी, मोठ्याने, एकेक नाव वाचू लागली. 'नाग्या महादू कातकरी' आले तेव्हा ती थांबली, बापाकडे पाहिले आणि ते नाव पुन्हा वाचले. बाप म्हणाला, "आमच्याकडं सगळ्यांना ठावं हाय." मी इतकी वर्षे पनवेलमध्ये राहते. मला ते नाव बी.एड.च्या वयानंतर कळले.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर पुढे यावी असा हट्ट माझ्या मुलीने धरला. तिच्या आईने दोन दिवसांसाठी सोडले. मुरूडला माझी नणंद राहते, म्हणून राहण्याचा खर्च नव्हता. पेण, वडखळ करत आम्ही आधी अलिबागजवळच्या किहीमला थांबलो. समुद्रासाठी नव्हे, सुगरणीच्या घरट्यांसाठी.

डॉ. सालिम अली हे नाव आपल्याला ठाऊक असते, पण बहुतेक तेवढेच. १८९६ मध्ये मुंबईत, सुलेमानी बोहरा घराण्यात जन्म. आई-बाप अगदी लहानपणी गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी वाढवले. पोरवयात एअरगनने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. अशी चिमणी खायला चालते का, या शंकेने पोरगा मामूंकडे गेला. मामूंनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड नावाच्या साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले, आणि पुढचे आयुष्य ठरले. हलाल-हरामच्या एका साध्या प्रश्नातून इतके मोठे शास्त्र उभे राहिले, हे मी दोन्ही मुलींना सांगितले तेव्हा दादींनी मान डोलावली. "विचारले म्हणून," त्या म्हणाल्या.

कॉलेजात त्यांचे जमले नाही, ब्रह्मदेशातला धंदा चालला नाही. पुढे बर्लिनला जाऊन ते स्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले, आणि १९३० मध्ये परत आले तर नोकरी नाही. तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर कापडाचा आडोसा करून हा माणूस पावसाळाभर तासन् तास बसून राहिला. आपल्या भाषेने या पक्ष्याला बाईचे नाव दिले, पण घरटे विणतो नर. तोही पुरे विणत नाही. अर्धे झाले, टोपीसारखा आकार आला की थांबतो. मग मादी येते, आत बसून पाहते. पसंत पडले तर संसार मांडते आणि नर उरलेले विणून देतो. मग तो दुसरे घरटे घ्यायला मोकळा, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत झाले तर ते अर्धे घरटे तसेच लटकत राहते. हे सगळे क्रमवार कोणी टिपलेच नव्हते. नोकरी नसलेल्या एका वर्षात, आपल्या रायगडात, सालिम अलींनी ते टिपले. पुढे १९४१ चे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक, पद्मविभूषण, राज्यसभा हे सारे आले. १९८७ मध्ये ते गेले.

नोव्हेंबरात घरटी रिकामी असतात. एका शिंदीच्या झाडाला पंधरा-वीस वाळकी घरटी वाऱ्यावर हलत होती. कातकरी मुलीनेच दाखवले, "बाई, ही तीन अर्धीच हायत." माझ्या मुलाने विचारले, "म्हणजे नापास?" ती हसली नाही. म्हणाली, "नापास नाय. सोडली."

फणसाडला आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव जंगल होते. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, अभयारण्य १९८६ मध्ये झाले. मुरूडच्या जुन्या घरांत नवाबांच्या शिकारींच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात, नणंदेच्या सासऱ्यांनी आम्हांलाही सांगितल्या. मला त्यात एक गंमत वाटते: जनावरे मारायची म्हणून राखले, आणि राखले म्हणूनच जनावरे वाचली. पण ज्यांना आत यायची मुभा नव्हती त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

सुपेगावच्या बाजूने आत गेलो. इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात, आणि प्रत्येक गाणाला आपले नाव आहे. रानात साग, ऐन, किंजळ, अंजनी. आणि गारंबीचा वेल, मांडीएवढा जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर अजगरासारखा गेलेला. शेकरू हा आपला राज्यप्राणी. त्याचे घरटे त्या मुलीने वरती, दोन फांद्यांच्या बेचक्यात दाखवले. आम्हांला तो कावळ्याचा पसारा वाटला होता. वीस मिनिटे माना वर करून थांबलो तेव्हा तांबूस, मांजराहून लांब असे ते जनावर एका उडीत पलीकडच्या झाडावर गेले. गाणाच्या काठी चिखलात खुरांचे ठसे होते. ती उकिडवी बसली, बोटाने मापले आणि म्हणाली, "भेकर. एकटंच. रातीचं न्हाय, सकाळचं." बरोबरच्या वनरक्षकाने वाकून पाहिले आणि मान हलवली. वर्गात निबंध लिहिताना हीच मुलगी चार ओळींनंतर पेन खाली ठेवते. मी तिला 'माझी अविस्मरणीय सहल' असले विषय देत होते.

जायचे असेल त्यांच्यासाठी एवढेच: कर्नाळ्याला उजाडताच पोहोचा, दहानंतर तिथे माणसांचेच आवाज. फणसाडला पक्के बूट हवेत आणि पाणी घरून न्यावे. भडक कपडे नकोत. आणि दोन्हीकडे जवळच्या वाडीतला माणूस बरोबर घ्या, त्याच्या दिवसाची मजुरी द्या. आम्ही दिली तेव्हा मुलीच्या बापाला ती घ्यायला संकोच वाटला. मला मात्र इतका माहितीचा माणूस एवढ्या थोड्या पैशांत मिळाल्याचाच जास्त वाटला.

शाळा उघडली. ती नऊ दिवस आली, मग मुकादमाचा टेम्पो वाडीवर लागला. जाण्याआधी मी तिला शिक्षण हमी कार्ड भरून दिले. ते दाखवले की भट्टीजवळच्या शाळेने वर्गात बसवून घ्यायचे असते. आणि एक शंभर पानी वही दिली. दिसेल तो पक्षी, जागा, तारीख, बस्स. निबंध नको म्हटले.

जूनमध्ये ती परत आली. कार्ड घडी न मोडता तसेच होते; शाळा भट्टीपासून लांब होती आणि कडेवर भाऊ होता. वही मात्र मातीने लाल झालेली. चौतीस पक्षी. काही नावे तिच्या भाषेतली, मला अजून लागलेली नाहीत. एका पानावर: 'सुगरन. भट्टीमागच्या हिरीवर. घरटी ११. अर्धी २.' खाली, पेन्सिलीने, कोणत्या घरट्याला कुठून वारा लागतो त्याचे चित्र.

आता ती नववीत आहे. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आठवीपर्यंतच आहे. यापुढे तिला शाळेत कोणी शोधणार नाही, मी सोडून. यंदाही दिवाळी जवळ आली आहे. मुलांच्या अब्बांनी आसामचा हिशेब पुन्हा काढला आहे, गच्ची इन्शाअल्लाह या वर्षी टिकेल. परवा ती वर्ग सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, "बाई, मुकादम येऊन गेला."

घरी येऊन सांगितले. भाऊ आता दोन वर्षांचा झाला आहे, चालतो. दादींनी तस्बीह बाजूला ठेवली. पानाचा डबा पुढे ओढून त्यातला कात हलवून पाहिला, आणि म्हणाल्या, "रविवारी मला त्या म्हातारीकडे सोड. मी बोलते तिच्याशी."